काउंटीच्या बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टविरुद्ध टॅक्स भरणारे कोर्टात जाऊ शकतात का? (न्यू जर्सी)

वाईची_लेक

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहणाऱ्यांना आणि इथल्या सरकारी टेंडरच्या भानगडी ज्यांना कळतात त्यांना विचारतेय. आमच्या काउंटीने (नाव मुद्दाम लिहीत नाही) एका मोठ्या इमारतीचं काम एका कंत्राटदाराला दिलंय, कमिशनर बोर्डाचा (काउंटीचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ) ठराव नुकताच झाला. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड इंजिनियर आजोबा आहेत, अमेरिकनच, उभा जन्म सरकारी साइटवर गेलेला, त्यांनी ओप्राखाली (इथला माहिती अधिकाराचा कायदा) अर्ज करून बिडची सगळी फाइल मागवली आणि आम्हा चार-पाच घरांना बोलावून दाखवली. सगळ्यात कमी भाव ज्याचा होता त्यालाच काम मिळालंय, पण त्याच्या बिडमध्ये अ‍ॅडेंडम (टेंडर निघाल्यावर त्यात केलेला बदल कळवणारा कागद) मिळाल्याची पोच देतात तो जो फॉर्म असतो ना, त्यात पहिल्या अ‍ॅडेंडमपुढे तारीख आणि सही आहे आणि दुसऱ्याची ओळ चक्क कोरी आहे. आणि दुसरं अ‍ॅडेंडम म्हणजे काही टायपिंगच्या चुका नव्हेत, त्यात पायाचे पाइल (जमिनीत खोल घालतात ते खांब) किती खोल घ्यायचे तेच बदललंय!

मीटिंगमध्ये आजोबांनी हे विचारलं तर काउंटीचे वकील म्हणाले की किरकोळ त्रुटी आहे, बोर्ड ती माफ करू शकतं, आणि पुढचा विषय घेतला.

आता काही शेजारी कोर्टात जायचं म्हणतायत. मी ग्रीन कार्डवर आहे, अजून नागरिक नाही, घर आमचं आहे आणि प्रॉपर्टी टॅक्स दर तिमाहीला जातो. माझं नाव त्यात घालता येतं का? आणि काउंटीच्याच कोर्टात काउंटीविरुद्ध काय निकाल लागणार असं घरचे म्हणतायत. मला मात्र हे असं सोडून द्यावंसं वाटत नाहीये, पैसे आमच्याच खिशातून जातायत.

कोकणी_बाणा

ताई, मला नाही वाटत जमेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1923 मध्येच फ्रॉदिंगहॅमच्या केसमध्ये सांगितलंय की नुसता टॅक्स भरतो म्हणून कोणी सरकारी खर्चाला आव्हान देऊ शकत नाही, कारण त्यात तुमचा एकट्याचा वाटा नगण्य असतो. उगाच वकिलाला पैसे घालाल, इथे जिंकलात तरी फी सहसा आपली आपल्यालाच भरावी लागते.

ट्रेंटनचा_शेजारी

बाणा, ती केस केंद्र सरकारच्या खर्चाची आहे, आणि त्याच निकालात पुढे लिहिलंय की गाव-शहराच्या पातळीवर गोष्ट वेगळी, तिथे टॅक्स भरणाऱ्याचा संबंध थेट असतो आणि तो कोर्टाकडे मनाई मागू शकतो. काउंटीसाठी तर त्याआधीचाच निकाल आहे आणि तो आपल्या न्यू जर्सीचाच, हडसन काउंटीचा, म्हणजे जर्सी सिटी जिथे आहे तीच. क्रॅम्प्टन विरुद्ध झॅब्रिस्की, 1879 च्या सत्रातला. काउंटीच्या बोर्डाने (तेव्हा त्याला बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स म्हणायचे, हे नाव 2021 पासून गेलं) कोर्टाच्या इमारतीसाठी एकाकडून जमीन घेतली आणि बदल्यात काउंटीचे बाँड (कर्जरोखे) दिले, कायद्याने खर्चावर घातलेली मर्यादा बाजूला ठेवून. टॅक्स भरणारे भांडले, आधी राज्याच्या कोर्टाकडून तो ठराव रद्द करून घेतला आणि मग बाँड परत मिळवायला दुसरा दावा लावला. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिलं की काउंटीच्या पैशाची बेकायदा विल्हेवाट थांबवायला तिथे राहणाऱ्या करदात्यांना कोर्टात येण्याचा हक्क आहे, यावर आता गंभीर वाद उरलेला नाही. जमीन मालकाला परत गेली, बाँड काउंटीकडे परत आले.

तर वाईची_लेक, हक्क आहे. नागरिकत्वाचा यात संबंध नाही, तुम्ही तिथे राहता आणि टॅक्स भरता एवढं दाखवायचं, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल जोडलं की झालं. न्यू जर्सीची कोर्टं या बाबतीत फेडरल कोर्टांपेक्षा बरीच मोकळी आहेत. आणि ते "काउंटीचं कोर्ट" काउंटीचं नाहीच, सुपीरियर कोर्ट राज्याचं आहे, फक्त काउंटीच्या गावात बसतं. जज गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देतं, काउंटीचे कमिशनर त्यांना हातही लावू शकत नाहीत. घरच्यांना हे सांगा.

पण खरी अडचण वेळेची आहे. या दाव्याला इथे अ‍ॅक्शन इन ल्यू ऑफ प्रेरॉगेटिव्ह रिट्स म्हणतात, म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान देणारा दावा, त्याची मुदत 45 दिवस. कोर्ट न्यायाच्या हितासाठी वाढवू शकतं, पण त्या भरवशावर कृपया बसू नका. साइटवर मशिनं आली, पाया खणला गेला की जजपुढे प्रश्न बदलतो, मग तो म्हणतो आता हे थांबवून लोकांचं जास्त नुकसान नाही का होणार. म्हणून दाव्यासोबतच काम थांबवायचा अर्ज करायचा. त्याला 1982 च्या क्रो विरुद्ध डी जॉया केसची कसोटी लावतात: भरून न येणारं नुकसान, कायदा स्पष्ट तुमच्या बाजूने असणं, जिंकण्याची शक्यता, आणि कोणाला किती झळ बसते. आणि कंत्राटदारालाही प्रतिवादी करा, त्याचं कॉन्ट्रॅक्ट रद्द करा म्हणताय तर तो समोर लागणारच.

एस्टिमेटर_नाशिककर

मी इथे एका बांधकाम कंपनीत बिड भरायचंच काम करतो म्हणून लिहितोय. लोकल पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स लॉ नावाचा 1971 चा कायदा आहे, काउंटी, टाउनशिप, सगळ्यांना लागू, काउंटीच्या इम्प्रूव्हमेंट अथॉरिटीमार्फत (काउंटीची बांधकामं करणारी वेगळी संस्था) काम काढलं तरी लागू. त्यात पाच गोष्टी अशा आहेत की बिडच्या अटींत मागितल्या असतील आणि तुम्ही जोडल्या नाहीत तर बिड तिथल्या तिथे बाद, नंतर आणून देता येत नाही आणि बोर्डालाही माफ करता येत नाही: बिडची गॅरंटी (बिडच्या रकमेच्या 10 टक्के, पण जास्तीत जास्त 20,000 डॉलर), शुअरिटी (कंत्राटदाराला जामीन राहणाऱ्या) कंपनीचं सर्टिफिकेट, मालकी कोणाची ते पत्रक, सबकॉन्ट्रॅक्टरची यादी आणि अ‍ॅडेंडमची पोच. हो, तीच पोच. आमच्याकडे बिड पाकिटात घालायच्या आधी दोन माणसं फक्त हे पाच कागद तपासतात, भाव एक-दोन लाखांनी इकडेतिकडे झाला तरी चालेल पण हे नाही चुकायचं.

आता तुमच्या केसमधला पेच सांगतो. फॉर्मच नसता तर गोष्ट सरळ होती. इथे फॉर्म आहे आणि एक ओळ कोरी आहे, त्यामुळे काउंटीचे वकील म्हणणार की कागद तर दिलाय, फक्त अर्धवट भरलाय. मग कोर्ट जुनी कसोटी लावणार, रिव्हर व्हेल टाउनशिपच्या 1974 च्या केसमधली: ही त्रुटी माफ केली तर काम ठरल्याप्रमाणे होईल याची खात्री कमी होते का, आणि या बिडरला बाकीच्यांवर फायदा मिळतो का. तुमचं अ‍ॅडेंडम पाइलच्या खोलीचं आहे म्हणून माझ्या मते बाजू भक्कम आहे. ज्याने ते वाचलंच नाही त्याने जुन्या खोलीवर भाव काढला असेल तर तो स्वस्त दिसणारच! आणि उद्या तोच म्हणणार की मी दुसऱ्या अ‍ॅडेंडमला बांधील नाही, चेंज ऑर्डर (बदललेल्या कामाचे वाढीव पैसे) द्या. चेंज ऑर्डरने मूळ रकमेच्या 20 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही असा नियम आहे खरा, अपवाद सोडून, पण मोठ्या इमारतीवर 20 टक्के म्हणजे किती पैसे होतात तुम्हीच बघा. आजोबांना सांगा, बाकीच्या बिडरच्या पाइलच्या आयटमचे रेट आणि याचे रेट शेजारी शेजारी मांडून तक्ता करा, जजला दहा पानी युक्तिवादापेक्षा ते एक पान लवकर कळेल.

दुसऱ्या नंबरचा बिडर का गप्प आहे असं कोणी विचारेलच. तो पुढच्या वर्षी त्याच काउंटीत बिड भरणार आहे हो. म्हणूनच करदात्यांनी उभं राहणं महत्त्वाचं आहे.

परसातली_जास्वंद

मला एक प्रामाणिक शंका आहे. हा बाद झाला तर काम दुसऱ्या नंबरच्याला जाणार किंवा सगळी बिडं फेटाळून टेंडर परत काढणार, दोन्हीत जास्त पैसे जाणार. मग टॅक्स भरणाऱ्यांचं भलं ते काय झालं? आपण स्वस्त कॉन्ट्रॅक्ट रद्द करा म्हणून टॅक्सपेयरच्या नावाने भांडायचं, हे मला पटत नाहीये.

ट्रेंटनचा_शेजारी

जास्वंदताई, शंका रास्त आहे आणि काउंटी कोर्टात नेमकं हेच म्हणेल. 1994 मध्ये आयलंड हाइट्स नावाच्या छोट्या गावाच्या कचऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टची केस राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे कमी भाववाल्याने शुअरिटीचं संमतीपत्र जोडलं नव्हतं, गावाने तरी त्याला काम दिलं होतं, आणि कोर्टाने सांगितलं की ही त्रुटी माफ करता येणार नाही. त्याआधी 1975 मध्ये अटलांटिक काउंटीच्या सूअरेज (सांडपाणी) अथॉरिटीच्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं होतं की टेंडरचे कायदे करदात्यांसाठी आहेत, बिडरच्या सोयीसाठी नाहीत, त्यांचा हेतू वशिलेबाजी, उधळपट्टी आणि भ्रष्टाचार रोखणं हा आहे. एका कामात दोन पैसे वाचले पण कोणाची चूक माफ करायची आणि कोणाची नाही हे बोर्ड ठरवायला लागलं, तर पुढच्या टेंडरला चांगले लोक येणारच नाहीत. चार बिडं यायची तिथे दोन येतील, आणि त्याचे पैसे दर वर्षी जातील. न्यूयॉर्क काउंटीचं कोर्टहाउस आठवा, ट्वीड नावाच्या तिथल्या पुढाऱ्याच्या टोळीने लाखो डॉलर खाल्लेलं, तो पैसा रोखायला 1871 मध्ये एक करदाताच कोर्टात गेला होता आणि मनाई घेऊन आला, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने करदात्यांच्या दाव्यासाठी वेगळा कायदा केला.

फक्त एक सांभाळा. दाव्यात "इमारत नकोच होती", "एवढी मोठी कशाला", "कमिशनर नालायक आहेत" असलं काही लिहू नका. काय बांधायचं हे ठरवणं बोर्डाचं काम, कोर्ट त्यात पडत नाही, निर्णय अगदीच मनमानी असेल तरच. आपल्याकडे हायकोर्टाला पत्र पाठवलं तरी जनहित याचिका म्हणून घेतल्याची उदाहरणं आहेत, इथे तसं चालत नाही. नियम कोणता, तो मोडला कुठे, कागद हा, एवढंच. बाँडच्या (कामासाठी कर्ज काढायच्या) ऑर्डिनन्सलाही आव्हान द्यायचा विचार असेल तर त्याची मुदत वेगळी, मंजुरीनंतर नोटीस छापून आल्यापासून फक्त 20 दिवस, ती बहुधा गेली असेल, वकिलाला आधी तेच विचारा.

वाईची_लेक

खूप खूप आभार सगळ्यांचे, रात्रभर वाचत होते. नाशिककर दादा, तुम्ही म्हणालात तसा पाइलच्या रेटचा तक्ता आजोबांनी आज सकाळीच करायला घेतला, आणि खरंच त्या एका आयटममध्ये याचा रेट बाकी सगळ्यांच्या बराच खाली आहे, बाकीचे आयटम जवळपास सारखेच. आजोबा बघून गप्पच झाले. उद्या सरकारी कॉन्ट्रॅक्टच्या केसेस घेणाऱ्या एका वकिलाबाईंकडे जातोय, ठराव, फॉर्म, तक्ता आणि मीटिंगचं रेकॉर्डिंग घेऊन. फी आम्ही घरं वाटून घेणार आहोत. माझं नाव घालायचं ठरलंय, नवराही तयार झाला, कोर्ट राज्याचं आहे हे कळल्यावर त्याचा सूरच बदलला. मिडलसेक्स, सॉमरसेट, हडसन, कुठल्याही काउंटीत कोणी असा दावा स्वतः केला असेल तर काम थांबवायचा अर्ज किती लवकर ऐकला गेला ते प्लीज लिहा, सध्या तीच सगळ्यात मोठी काळजी आहे, कारण साइटवर कुंपण घालायला सुरुवात झालीये.