मदत हवी आहे: लिबएसएसएल सापडते, लिबक्रिप्टो सापडत नाही (उबंटू २२.०४)

ऑफिसच्या सर्व्हरवर एक जुना हिशोबाचा प्रोग्राम आहे. सोर्स कोड मिळणार नाही. त्याला ओपनएसएसएल १.१ (एन्क्रिप्शनची लायब्ररी; लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या तिच्या दोन फाइल्स) लागते आणि २२.०४ मध्ये फक्त ३.० येते. सर्व्हर २०.०४ वर परत नेता येणार नाही, डॉकरलाही परवानगी नाही. लिबएसएसएल.सो.३ ला १.१ नावाची सिमलिंक देणे सुचवू नका, सिंबॉल व्हर्जन जुळत नाहीत.

१.१ च्या दोन्ही फाइल्स प्रोग्रामशेजारच्या लिब फोल्डरमध्ये ठेवल्या आणि पॅचएल्फने (बायनरीतला लायब्ररी शोधण्याचा मार्ग बदलणारे टूल) मुख्य बायनरीला $ओरिजिन/लिब हा मार्ग दिला ($ओरिजिन म्हणजे ती फाइल असलेला फोल्डर). आता एलडीडीत (कोणती लायब्ररी कुठून मिळते ते दाखवणारी कमांड) लिबएसएसएल.सो.१.१ बरोबर दिसते, पण लिबक्रिप्टो.सो.१.१ पुढे ‘नॉट फाउंड’च. रीडएल्फमध्ये (बायनरीची आतली माहिती दाखवणारी कमांड) आरपाथ नाही, रनपाथ दिसतो; दोन्ही बायनरीत लिहिलेले लायब्ररी शोधण्याचे मार्ग. रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींना चालतो आणि लिबक्रिप्टो लिबएसएसएलमार्फत लागते, म्हणून हे होत असावे.

एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दिला की प्रोग्राम सुरू होतो. पण त्याच फोल्डरमध्ये जुनी लिबएसटीडीसी++ पण आहे (सी++ ची स्टँडर्ड लायब्ररी, प्रोग्रामला ती लागते). मग प्रोग्राम सिस्टीमच्या ज्या कमांड चालवतो, त्यांनाही तीच मिळते आणि त्यातल्या काही बंद पडतात. म्हणून तो मार्ग नको.

अशा वेळी मुख्य बायनरीवर फोर्स-आरपाथ (रनपाथऐवजी आरपाथ लिहिणारा पॅचएल्फचा पर्याय) पुरतो, की लिबएसएसएललाही वेगळा $ओरिजिन द्यावा लागतो? क्रॉन आणि सिस्टमडी, दोन्हींतून चालेल असा उपाय कुणी वापरला आहे का?