जुना धागा कोणता, नवा कोणता?

डीएनएची नक्कल होताना जुन्या धाग्यासमोर अक्षर-अक्षर जोडत नवा धागा लिहिला जातो. त्यात जी या अक्षरासमोर सी ऐवजी चुकून टी बसला तर दोघांतला चुकीचा कोण, हे पेशीला कसं कळतं, हा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. ई. कोलाय जिवाणूत जुन्या धाग्यावर जीएटीसी या क्रमातल्या ए वर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण असते. नव्या धाग्यावर ती उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात म्युटएस हे प्रथिन विजोड जोडी पकडतं, म्युटएल मदतीला येतं आणि म्युटएच बिनखुणेच्या धाग्याला छेद देतं. मग एका अक्षरापायी कधीकधी हजारभर अक्षरं काढून पुन्हा लिहिली जातात! पॉल मॉड्रिच यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते याच कामासाठी.

माणसात म्युटएच नाही. तिथे नव्या धाग्यातल्या खाचा, म्हणजे धागा तुटका असलेल्या जागा, वाट दाखवतात. ही यंत्रणा जन्मतः अधू असली तर लिंच सिंड्रोम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि इतर काही कर्करोगांचा धोका वाढवणारा आनुवंशिक विकार, होतो. घरात कमी वयात मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.