मदत हवी आहे : कोव्हिनी बी२४ चं इंजिन आडवं की उभं?

१:२४ मापात कोव्हिनी बी२४ चं मॉडेल बनवतोय. फेरुच्चो कोव्हिनी यांच्या छोट्या इटालियन कंपनीने १९८१ साली केलेली ही डिझेल स्पोर्ट्स कार. इंजिन सीटच्या मागे, व्हीएम मोटोरी या इटालियन इंजिन कंपनीचं २.४ लिटर टर्बोडिझेल. डिझेल म्हणजे टॅक्सी आणि ट्रॅक्टर, अशा काळात हे धाडस! बॉडी जवळपास झाली, घोडं अडलंय ते इंजिनपाशी.

या घराण्याच्या व्हीएम इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हेड (वरचं झाकण) असतं. मॉडेलमध्ये ती चार हेडं वेगवेगळी दिसलीच पाहिजेत, नाहीतर मजा गेली. त्यासाठी जुन्या रेंज रोव्हर टर्बो डीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवलंय, तिच्यातही याच घराण्याचं इंजिन आहे. मापांना त्याचा आधार होईल, पण तिथे इंजिन पुढे असतं, त्यामुळे बसवायचं कसं हे त्यातून कळत नाही.

नेटवर बी२४ चे फोटो मिळाले, सगळे बाहेरून. 'कोव्हिनी' शोधलं की पुढे चार चाकं असलेली सी६डब्ल्यूच येते. ती नकोय, तिचं इंजिन पेट्रोल व्ही८ आहे. इटालियन मजकूर चालेल, भाषांतर करून घेईन. महागडे अर्काइव्ह स्कॅन मात्र परवडणार नाहीत.

मागचं झाकण उघडलेला फोटो किंवा त्या काळच्या इटालियन मासिकातलं पान कुणाकडे आहे का? तोरिनो-मिलानकडे राहणाऱ्यांपैकी कुणी ही गाडी प्रत्यक्ष पाहिली आहे का? इंजिन गाडीच्या लांबीत बसवलंय की आडवं, आणि टर्बो कुठल्या बाजूला आहे?