आठवीला हायस्कूलला गेल्यावर इंग्रजीच्या तासाला नेमकं काय असतं?

टेम्पोवाला_माण

नमस्कार मंडळी. माझी थोरली यंदा सातवी पास झाली. वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत, म्हणून आता पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला आठवीला घातलीय. इथं तिच्या वर्गात तेरा पोरं होती आणि एकच गुरुजी दोन वर्ग धरायचे. तिथं एका तुकडीत पासष्ट.

पोरगी गणिताला भीत नाही, इंग्रजीला भीते. गुरुजी चांगले होते, पण इंग्रजी म्हणजे कविता चालीवर म्हणायच्या आणि शब्द पाठ करायचे, एवढंच झालं. आता वस्तीवरच्या मोठ्या पोरींनी तिच्या डोक्यात भरवलंय की तिथं मॅडम सगळं इंग्रजीतूनच बोलतात आणि चुकलं की तास संपेपर्यंत उभं करतात. परवा रात्री जेवताना म्हणाली, "अण्णा, मी मराठीत उत्तर दिलं तर चालंल का?" मला काय सांगावं कळंना.

मी स्वतः २००३ ला दहावीला इंग्रजीत गेलो. २७ मार्क. परत बसलोच नाही, टेम्पो हातात घेतला. त्यामुळं मला विचारून उपयोग नाही हे तिलाही माहीत आहे.

तर विचारायचं हे की तास चालतो कसा, घरी काय करून घ्यावं, क्लास लावावा का, आणि सेमीला (गणित-विज्ञान इंग्रजीतून) घालावी का. शिक्षक कोणी असतील तर त्यांनी जरूर सांगावं. "इंग्रजी ही काळाची गरज आहे" हे मला ठाऊक आहे, ते नका लिहू.

खडूवाल्या_बाई

दादा, तुम्ही ज्या वर्षी दहावीला गेलात त्याच जूनमध्ये मी हायस्कूलला इंग्रजी शिकवायला लागले. तेही तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या मोठ्या पोरींचं. सगळं इंग्रजीतून बोलणारी बाई मला इतक्या वर्षांत आमच्या भागात भेटलेली नाही. मीही तशी नाही. "ओपन युवर बुक्स", "पेज नंबर अमुक", "कीप क्वाएट" एवढं झालं की पुढचा सगळा कारभार मराठीत. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, गृहपाठ न केलेल्यांची चौकशी, आधीच्या तासाचं बीजगणित फळ्यावरून पुसणं, यात दहा मिनिटं गेली. उरलेल्या वेळात बाई एक वाक्य वाचणार, त्याचं मराठी सांगणार, मग पुढचं वाक्य. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर आणि पोरं खाली मान घालून उतरवून घेणार. माझाही आठवड्यातले तीन दिवस तास असाच जातो, खोटं कशाला बोलू.

या सगळ्यात पोरीला तोंड उघडायची वेळच येत नाही. उभं करतील म्हणून ती घाबरतेय ना? मला उलटी काळजी वाटते. पासष्ट पोरांत रोज दोघांना वाचायला उठवलं तरी एकेकाची पाळी सव्वा महिन्यानं येते. मागच्या बाकावर बसलं आणि जरा वाकून राहिलं तर वर्षभर येत नाही. असे तीन वर्षं काढून दहावीच्या पेपरला बसलेले मी कितीतरी बघितलेत.

(शिक्षेचं म्हणाल तर, छडी आणि मानसिक त्रास दोन्ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहेत. तरी उभं करणारे अजून आहेत. तसं काही झालं तर शाळेत जाऊन शांतपणे भेटा. पालक एकदा येऊन गेला की फरक पडतो, हे मी आतली म्हणून सांगतेय.)

आता गेल्या वर्षीची एक मुलगी सांगते. तीही वस्तीशाळेतूनच आलेली. पहिल्याच आठवड्यात मी तिला वाचायला उठवलं. पुस्तक नाकाला लावलं आणि धडाधड वाचत सुटली. "आयलंड"सुद्धा बरोबर म्हणाली, ज्याचं दरवर्षी माझ्या वर्गात "इस्लंड" होतं. मी चाट. जवळ जाऊन बघते तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं मुंगीएवढ्या अक्षरात देवनागरी. चुलतभावाकडून अख्खा धडा लिहून घेतला होता. शेजारणीचं कोरं पुस्तक हातात दिलं तर गाडी दुसऱ्या शब्दाला अडली. वर्ग हसला. मी म्हटलं, हसताय कशाला, आपापली पुस्तकं उघडा. निम्म्या पुस्तकांत तेच!

काही शिक्षक असं पुस्तक दिसलं की लगेच खोडरबर फिरवायला लावतात. मी लावत नाही. जूनमध्ये ती पेन्सिल म्हणजे त्या पोराची काठी असते. मी तिला एवढंच सांगितलं की दर सोमवारी पाच शब्दांवरचं मराठी खोडायचं, आणि कुठले पाच ते तिनं ठरवायचं. पहिल्या सोमवारी "द", "इज", "अँड" असले गेले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ओळीत दोन-तीनच उरले. "नाइफ", "नी", "आयलंड" असे सायलेंट अक्षरवाले शब्द शेवटपर्यंत राहिले. ते माझ्याही शाळेच्या पुस्तकात शेवटपर्यंत होते.

तुम्ही घरी हेच करा. तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. रोज दहा ओळी मोठ्यानं वाचायला लावा आणि सोमवारी रबर हातात द्या. ती अडखळली तर मध्ये बोलू नका. आणि तिला सांगा, पहिल्या दोन बाकांत जागा धर.

पुस्तकाचं टेन्शन घेऊ नका. आठवीपर्यंत पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, नववीपासून विकत घ्यावी लागतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आठवीला आता ढकलपास नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. ३५ टक्के पडले नाहीत तर परत परीक्षा, आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. घाबरवायला सांगत नाहीये, पण बऱ्याच पालकांना हे निकालादिवशीच कळतं.

"मराठीत उत्तर दिलं तर चालंल का?" तुमच्या पोरीला सांगा, दहावीच्या पेपरात एका प्रश्नात चालतं. चालतं काय, मराठीतच द्यावं लागतं! मराठी माध्यमाला इंग्रजी तिसरी भाषा म्हणून असते. लेखी ८० मार्कांची, २० शाळेकडचे. त्या ८० मधला शेवटचा प्रश्न भाषांतराचा, पाच मार्कांचा. चार शब्द, दोन वाक्यं आणि एक म्हण किंवा वाक्प्रचार, हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणायचं. आणि गंमत अशी की पोरं तिथंही मार्क घालवतात, कारण मराठी शब्द आठवत नाही. "पेशन्स" म्हणजे काय विचारलं तर अर्ध्या वर्गानं लिहिलं "दवाखान्यातले लोक". वाईट कारागीर आपल्या हत्यारांना दोष देतो, अशा अर्थाची इंग्रजी म्हण सराव परीक्षेला दिली होती. एकानं शब्दाला शब्द लावून लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं "नाचता येईना, अंगण वाकडं". त्याचं इंग्रजी बेताचं आहे, पण आजीजवळ वाढलाय.

बाकी पेपरात धड्यातले उतारे, एक बाहेरचा उतारा, कविता, आणि लेखन. लेखन म्हणजे पत्र, संवाद, भाषण, बातमी, गोष्ट. पत्राचा साचा सगळेच पाठ करतात, त्यावर मी काही लिहीत बसत नाही.

पहिल्या प्रश्नात एक प्रकार तुम्हाला जमण्यासारखा आहे. एक मोठा शब्द देतात आणि त्यातली अक्षरं वापरून चार शब्द करायला सांगतात, प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरांचा. दोन मार्क. तुमच्या टेम्पोच्या मागं "गुड्स कॅरियर" लिहिलेलं असेलच. त्या "कॅरियर"मधून कार, केअर, रेस, राइस, आइस, एअर, इअर एवढे तर मला आत्ता बसल्या बसल्या निघाले. पोरगी आणि तुम्ही स्पर्धा लावा.

क्लास आठवीला नको. सेमीचं सांगते: सेमी घेतलं तरी इंग्रजीचा पेपर हाच असतो. फरक पडतो तो गणित-विज्ञानाला. पोरीचं गणित चांगलं आहे म्हणता, तर गणिताच्या सरांना भेटून ते वर्गात प्रत्यक्ष कुठल्या भाषेत शिकवतात ते विचारा. पुष्कळ ठिकाणी पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठी असतं. तसं असेल तर तिला जड जाणार नाही.

निवृत्त_विदर्भ

बाईंचं बरंचसं पटलं. पण एक सांगतो, रागावू नका. आमच्या काळी एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. चार वर्षं जास्त मिळाली, तरी पोरगं आठवीत "ही गो" लिहून येते. कारण व्याकरण पाठ नाही. आम्हाला सरांनी बाराही काळांचा तक्ता घोकून घेतला होता. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. भाऊ, पोरीकडून रोज एक काळ पाठ करून घ्या, बाकी सगळं आपोआप जमते.

खडूवाल्या_बाई

काका, रागावत नाही. तो तक्ता मलाही पाठ होता. बारावीनंतर पुण्याला गेले, तर बँकेत फॉर्म मागायला तोंडातून शब्द फुटेना. तक्ता नववीच्या दिवाळीनंतर घ्यावा, तोवर तिच्याजवळ त्यात घालायला वाक्यं तरी असतील. आठवीच्या जूनमध्ये तक्ता दिला की पोरं तो कवितेसारखा चालीवर म्हणतात, आणि या पोरीनं चालीवर म्हणण्याचं काम सात वर्षं केलंय.

वॉर्डातली_ताई

मी आता पुण्यात नर्स आहे. सातवीपर्यंत जिल्हा परिषद, आठवीपासून हायस्कूल, तुमच्या मुलीसारखंच. दादा, एक अनुभव सांगते.

आम्हाला तोंडी परीक्षेला स्वतःबद्दल पाच वाक्यं पाठ करून यायला सांगितलं होतं. मी रात्रभर घोकलं. दुसऱ्या तुकडीचे सर परीक्षा घ्यायला बसले होते. मी "माय नेम इज" सुरू केलं तर त्यांनी हात वर केला आणि इंग्रजीत विचारलं, सकाळी काय खाल्लंस? मला प्रश्न कळला, पण उत्तर पाठ केलेल्यात नव्हतं. मी पुटपुटले, "चहा-चपाती." सर म्हणाले, "मग तेच म्हण. टी अँड चपाती." मी म्हटलं. "कुणी केली चपाती?" "मदर." "अजून कोण आहे घरी?" असं करत करत पाच-सहा प्रश्न झाले. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, वाक्यं म्हणून दाखवलीस का? तेव्हा लक्षात आलं की एकही म्हटलं नव्हतं.

क्लासबद्दल मात्र माझं बाईंपेक्षा वेगळं मत आहे. आमच्या शाळेत वर्षातले चार महिने इंग्रजीला शिक्षकच नव्हते, पीटीचे सर येऊन बसायचे. नववीला गावातल्या एका दादानं आम्हा सहा जणींना फुकट शिकवलं म्हणून मी निघाले. आधी शाळेत इंग्रजीला शिक्षक आहेत का ते बघा, मग ठरवा. आणि मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो पहिल्या आठवड्यातच काढा. पाच किलोमीटर पावसात सायकल मारून पहिल्या तासाला पोचणं होत नाही, आणि आमच्याकडे इंग्रजीचा तास नेमका पहिला असायचा.

खडूवाल्या_बाई

ताईंचं बरोबर आहे. शिक्षक नसले तर माझं "क्लास नको" रद्द समजा.

टेम्पोवाला_माण

सगळ्यांचे आभार. शाळेत जाऊन आलो. इंग्रजीला मॅडम आहेत, जागा रिकामी नाही. गणिताचे सर म्हणाले शिकवणं मराठीतच, म्हणून सेमीचा फॉर्म भरला. पासाचंही विचारलं.

काल रात्री टेम्पोच्या मागं बॅटरी घेऊन दोघं उभे राहिलो. "कॅरियर"मधून मी चार काढले, तिनं नऊ. त्यातला एक "एकर" होता. मी म्हटलं हा मराठी शब्द आहे, बाद. ती पुस्तक घेऊन आली आणि दाखवलं की इंग्रजीच आहे. जमिनीचे कागद इतकी वर्षं हातात घेतोय, मला माहीत नव्हतं.

पाहुण्यांच्या पोरीचं आठवीचं पुस्तक आणलंय, त्यावर रात्री पेन्सिलीनं लिहायला बसली होती. बाई म्हणाल्या तसं काही बोललो नाही. सोमवारी खोडायला पहिला शब्द कुठला घेणार विचारलं, तर म्हणाली "द". म्हटलं बरं झालं, तेवढा मलाही येतो.