रंग धुण्यात निघून जातो त्याबद्दल

ताई, गोधडीसाठी मार्बल केलेल्या (म्हणजे घट्टसर पाण्यावर रंग तरंगवून त्याची नक्षी कापडावर उचललेल्या) सुती कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला म्हणताय, तर माझ्या मते दोष रंगाचा नाही, तुरटी नीट न लावल्याचा आहे. वरच्या एका उत्तरात कोणी तुरटी ऑप्शनल म्हटलंय ते मला अजिबात पटत नाही, सुती कापडावर अ‍ॅक्रेलिक रंग धरून ठेवते ती तुरटीच. नागपूरच्या गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते, ती आधी गरम पाण्यात धुवून काढा, मग लिटरला साधारण दोन मोठे चमचे तुरटी विरघळवून त्यात कापड भिजवा आणि न पिळता, घडी न पडू देता सुकवा, कारण घडीच्या जागी नंतर रंगात रेघ उमटते. तुरटीचं कापड महिनोन्महिने ठेवू मात्र नका हं, सूत कमजोर होतं.

बोअरचं पाणी जड असेल तर कॅराजिनन (ट्रेमधलं पाणी घट्ट करणारी समुद्री शेवाळाची पूड) आरओच्या पाण्यातच भिजवा, नाहीतर रंग नीट पसरत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात ट्रेवर लगेच साय धरते, ऊन मी म्हणतं ना, म्हणून पहाटे करा, कूलर ट्रेकडे नको आणि प्रत्येक तुकड्याआधी पेपरच्या पट्टीने वरचा थर ओढून घ्या, उरलेलं कॅराजिननचं पाणी फ्रीजमध्ये.