पाच जणांत एक टॅब
गटकार्यात टॅब वापरण्याच्या चर्चेत एका ताईंनी म्हटलंय की प्रत्येक मुलाला वेगळा टॅब मिळाल्याशिवाय गटकार्याला अर्थ नाही. माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझ्या सातवीच्या वर्गात पाच जणांत एक टॅब. सुरुवातीला व्हायचं काय, तर एकजण टॅब बळकावून बसायचा आणि बाकीचे खिडकीबाहेर बघायचे. मग नियम केला: ज्याला येतं त्याने टॅबला हात लावायचा नाही, नुसतं तोंडाने सांगायचं. सांगताना हुशार मुलांची जी तारांबळ उडते!

परवा जिओजेब्रा या गणिताच्या ॲपवर त्रिकोण घेतला. (ॲप एकदा टाकलं की नेट लागत नाही, आमच्याकडे ते महत्त्वाचं.) एकीने शिरोबिंदू ओढायचा, दुसऱ्याने कोन वाचायचे, तिसऱ्याने वहीत बेरीज करायची. एका गटाची बेरीज आली १८०.०१. टॅब बिघडला म्हणून आरडाओरडा! कोन दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसतात, तिथे हा फरक पडतो, हे शेजारच्या गटातल्या मुलीने शोधलं. मी जिभेवर आलेलं गिळून गप्प उभा होतो.

आणि मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी गटात शिकण्याची जिगसॉ पद्धत १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनला वापरली, तेव्हा कुठे होते टॅब? प्रत्येकाकडे धड्याचा एकच तुकडा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. हेच आज करायचं तर तुकड्यांऐवजी वेगवेगळे छोटे व्हिडिओ द्या. गुण मात्र गटाला सरसकट देऊ नका. चिठ्ठी काढायची, नाव येईल त्याने फळ्याजवळ यायचं.