उत्तर: जुन्या इंजिनात डिकोडर
दादा, जुन्या मॉडेल रेल्वे इंजिनात डिकोडर (रुळातून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) बसवायचा तर रुळाच्या दोन वायरी कापून मधे तो जोडला की झालं असं वर कुणीतरी लिहिलंय, पण घाई नका करू. जुन्या इंजिनात बरेचदा मोटरचा एक ब्रश (मोटरला करंट देणारा कार्बनचा तुकडा) सरळ चासीला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि तीच चासी एका रुळाचा करंट घेते, तसंच चालू केलं तर डिकोडर जळालाच समजा. आधी तो ब्रश वेगळा करा, स्प्रिंगच्या दांडीवर वायरचं रिकामं प्लास्टिक कव्हर चढवा न ब्रश आणि चासीमधे मल्टिमीटर लावून बीप येत नाही ना बघा. मग डिकोडरच्या लाल-काळी वायरी रुळाला, नारिंगी-करडी मोटरला. १२ व्होल्टवर मोटर अडवून करंटही मोजा, १ अँपियरच्या वर गेला तर एचओचा (१:८७ मापाच्या मॉडेलचा) साधा डिकोडर नका घेऊ. इंदूरलाच असाल तर इंजिन घेऊन या, सोबत बसून करू, इतकं जुनं इंजिन कपाटात पडून राहायला नको.